चोरी फसली, पण टाकी चेपली आणि बाबांची झोप गेली

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र थोडं आटोपशीर करून देते.

“बाबा २०२२ साली निवृत्त झाले आणि त्या दसऱ्याला त्यांनी १२५ सीसीची मोटरसायकल घेतली. गेल्या सोमवारी पहाटे साडेपाचला मी ड्यूटीला निघाले, तर गाडी पार्किंगमध्ये नव्हती. चाळीसएक फुटांवर, कंपाउंडच्या भिंतीपाशी डाव्या अंगावर पडलेली होती. हँडल लॉक तोडलेलं, टाकीखालच्या वायरी कापून लोंबत होत्या, टाकीला मोठा पोचा, क्लचचा लिव्हर आणि डावा इंडिकेटर तुटलेला. हेल्मेट आणि मोबाइलचा होल्डर गेला. भावाने गाडी उभी करून परत जागेवर लावली. शेजारी म्हणतात, नशीब समजा, गाडी वाचली. त्याच सकाळी बाबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तर ‘गाडी तुमच्याकडेच आहे ना, मग चोरी कुठे झाली? अर्ज देऊन ठेवा’ असं सांगितलं. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरने १४,८०० रुपयांचं एस्टिमेट दिलंय. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, वायर डायरेक्ट करून, पोचा काढून चार हजारांत चालू करून देतो. विम्याचा एजंट म्हणतो, दावा केलात तर बोनस जाईल, राहू द्या. विमा पाच वर्षांचा आहे. बाबा रात्री तीन-तीनदा उठून खाली गाडी बघायला जातात. काय करू?”

ताई, शेजारी, मेकॅनिक, एजंट, कुणीच तुमच्या वाईटावर नाही. पण तिघांचंही ऐकलंत तर नुकसान तुमच्या पदरात पडेल. माझं सरळ मत सांगते: पोलिसांत गुन्हा नोंदवून घ्या, विम्याचा दावा करा, आणि तोवर गाडीला कुणालाही हात लावू देऊ नका. मी बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांचे सर्व्हे केले. सगळी गाडी दुरुस्त करून, नुसतं बिल हातात घेऊन आलेला एक दूधवाला मला अजून आठवतो. त्याचंही हँडल लॉक असंच तोडलं होतं. माणूस खरं बोलत होता, मला दिसत होतं. पण जुने तुटके पार्ट मेकॅनिकने भंगारात घातलेले, फोटो एकही नाही, पोलिसांचा कागद नाही. मी त्याला एक रुपयाही देऊ शकले नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

“विमा पाच वर्षांचा आहे” या तुमच्या वाक्यावर मी थबकले. आधी पॉलिसीचा कागद काढा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्याची भरपाई. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला सगळे ओन डॅमेज म्हणतात, तो वेगळा. दोन्ही भाग एकत्र असलेल्या अनेक वर्षांच्या पॉलिसी १ ऑगस्ट २०२० पासून बंद झाल्या. म्हणजे बाबांच्या गाडीचा थर्ड पार्टी ऑक्टोबर २०२७ पर्यंत चालेल, पण ओन डॅमेज पहिल्याच वर्षी संपलेला असणार. त्यानंतर तो दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो, आणि “पाच वर्षांचा काढलाय” या समजुतीत असंख्य घरांत तो घेतला जात नाही. कागदावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात, ओन डॅमेजसमोरची तारीख बघा. एजंट बोनसचं बोलला आणि तुम्हीही बोनसचा आकडा कळवलात, यावरून मला वाटतं की तुमचा चालू आहे, कारण नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. तरी डोळ्यांनी खात्री करा. हे वाचणाऱ्या ज्या कुणाकडे नुसता थर्ड पार्टी असेल, त्यांना अशा नुकसानीचा पैसा विम्यातून मिळत नाही. त्यांनी आजच ती तारीख बघावी.

चोरीचा नुसता प्रयत्न विम्यात बसतो का? बसतो. ओन डॅमेजच्या ठरीव मसुद्यात आग, घरफोडी, चोरी, दंगल, पूर, अपघात यांच्या जोडीने कुणी जाणूनबुजून केलेली नासधूसही आहे. लॉक तोडणं, वायरी कापणं, ओढताना गाडी पाडणं हे त्यात येतं. हेल्मेट आणि होल्डरचे मात्र मिळणार नाहीत. दुचाकीच्या पॉलिसीत अॅक्सेसरीजची चोरी तेव्हाच भरून मिळते, जेव्हा गाडीही सोबत चोरीला जाते.

इथेच एक सावधगिरी. पोलिसांची कटकट नको म्हणून काही एजंट “गाडी घसरून पडली असं लिहा” असा सल्ला देतात. तसं अजिबात लिहू नका. घसरलेल्या गाडीच्या वायरी कात्रीने कापल्यासारख्या तुटत नाहीत, बघणाऱ्याला ते क्षणात कळतं, आणि खोट्या एका ओळीवरून सगळा दावा नाकारायचा हक्क कंपनीला मिळतो. खरं आहे ते लिहा, ते पुरेसं आहे.

आता पोलीस. ठाण्यात तुम्हाला जे सांगितलं ते कायद्याला धरून नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या अशी आहे की, वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने ती जागेवरून हलवली की चोरी होते. पळवून नेण्यात यश यायला हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमची गाडी लॉक तोडून चाळीस फूट ओढत नेली. हे चाळीस फूट तुमच्या फिर्यादीतले सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत. “गाडीचे नुकसान केले” एवढंच लिहिलंत, तर अदखलपात्र नोंद करून, म्हणजे जिचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करत नाहीत अशी नुसती एनसी हातात ठेवून, परत पाठवतील. रात्री किती वाजता आणि नेमकी कुठे लावली होती, पहाटे कुठे सापडली, काय तोडलं, काय कापलं, काय गेलं, हे क्रमाने लिहा. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर घाला. भावाने गाडी उचलून जागेवर आणली हेही लिहा, ते लपवण्यासारखं काहीच नाही. घरात आई-बापाची गाडी अशी पडलेली दिसली की कुणीही आधी उचलतो. भिंतीपाशी पेट्रोलचा डाग किंवा ओरखडे अजून असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा.

दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच आहे का? नसेल तर उद्याच घ्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिल्यावर एफआयआर नोंदवणं आणि त्याची प्रत फुकट देणं हे ठाण्याचं काम आहे. नाकारलंच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच फिर्याद पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवता येते. नाशिकला पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा तुमच्या परिमंडळाच्या उपायुक्तांच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवा. माझा अनुभव असा की ठाणे अंमलदारासमोर शांतपणे कलमाचा आकडा घेतला आणि लेखी मागणी पुढे ठेवली, की पोस्टापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. आणि आजच्या आज समोरच्या दुकानाचं, शेजारच्या सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण मागून घ्या. बहुतेक ठिकाणी काही दिवसांत जुन्यावर नवं चढतं, आणि चार दिवस तर गेलेच आहेत.

विमा कंपनीलाही आजच कळवा. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं, असं धरू नका. पॉलिसीवर असलेल्या क्रमांकावर फोन करा, दाव्याचा नंबर लिहून घ्या आणि ई-मेलही टाका. पॉलिसी बाबांच्या नावावर, म्हणून सही त्यांची, बँक खातं त्यांचं. चार दिवसांच्या उशिराने घाबरून जाऊ नका. केवळ उशिरा कळवलं म्हणून खरे दावे नाकारू नयेत, असं विमा नियामकाने सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही म्हटलं की वाहनचोरीत मालकाने पोलिसांना लगेच कळवलं असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा फेटाळता येत नाही. तुम्ही त्याच सकाळी ठाण्यात गेला होतात. ती पोच म्हणूनच इतकी मोलाची आहे.

मेकॅनिकच्या चार हजारांबद्दल. वायर डायरेक्ट करणं म्हणजे किल्लीची गरजच काढून टाकणं. मग ती गाडी कुणीही चालू करू शकेल, आणि जो एकदा येऊन गेला त्याला तुमचं पार्किंग माहीत आहे. शिवाय तुटके पार्ट आणि कापलेल्या वायरी हाच तुमचा पुरावा आहे. सर्व्हेअरने, किंवा छोट्या दाव्यात कंपनी फोनवरून व्हिडिओ मागवते तेव्हा त्या माणसाने, ते जसंच्या तसं बघायला हवं. पॉलिसीत अशीही अट असते की दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाचं. कापलेल्या वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्या, तर पेट्रोल गळणाऱ्या गाडीवर काय होईल हे वेगळं सांगायला नको. बॅटरीची वायर सोडवून ठेवा, पेट्रोल गळत असेल तर टाकी रिकामी करून घ्या, आणि गाडी टेम्पोतून सर्व्हिस सेंटरला न्या. टेम्पोच्या भाड्यापोटी दुचाकीच्या ठरीव मसुद्यात ३०० रुपयांपर्यंत मिळतात, पावती घ्या. कंपनीच्या यादीतलं गॅरेज असेल तर कॅशलेस होईल. मेकॅनिकला दुखवू नका, पुढची सर्व्हिसिंग त्याच्याकडेच करा.

आता बोनसचा प्रश्न. यावर घाबरून लोक दावा सोडतात, आणि कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही. आपण बसू.

तुम्ही एस्टिमेटचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. त्यात लॉक किट २,४००, वायरिंग ३,२००, टाकी ४,६००, लिव्हर आणि हँडल ९००, टी आणि कोनसेट (हँडल ज्यावर बसतं तो भाग आणि ते ज्यावर फिरतं ते बेअरिंग) १,५००, इंडिकेटर आणि साइड पॅनेल १,४००, मजुरी ८०० रुपये आहे. गाडीला तीन वर्षं होऊन चौथं चालू आहे. या वयाच्या गाडीच्या धातूच्या नव्या पार्टवर घसारा, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, २५ टक्के कापतात, प्लास्टिक आणि रबरावर ५० टक्के, मजुरीवर काही नाही. लॉक किट, वायरिंग, टाकी, लिव्हर-हँडल, टी-कोनसेट मिळून १२,६०० रुपये होतात, त्यातले ३,१५० गेले, राहिले ९,४५०. प्लास्टिकच्या १,४०० मधले ७०० राहिले. मजुरी ८००. झाले १०,९५०. त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे दर दाव्यात मालकानेच सोसायची रक्कम, जाईल. दुचाकीला मूळ दरपत्रकात ती १०० रुपये आहे, तुमच्या पॉलिसीत काय छापलंय ते बघा. म्हणजे साधारण १०,८५० रुपये कंपनीकडून आणि चारेक हजार तुमचे. झिरो डेप्रिसिएशनचं कलम घेतलेलं असेल तर घसाराच कापला जाणार नाही.

दोन ठिकाणी घासाघीस होईल, तयारी ठेवा. वायरिंगवर प्लास्टिकचं आवरण असतं म्हणून ५० टक्के कापायचा प्रयत्न होतो, तसं झालं तर आणखी ८०० रुपये जातील. आणि टाकी बदलण्याऐवजी पोचा काढून रंग द्या, असं सर्व्हेअर म्हणेल. नुसता पोचा असेल तर ते बरोबरच आहे, मीही तेच लिहिलं असतं. पण शिवणीपाशी दुमडली असेल किंवा गळत असेल, तर टाकी बदलायलाच हवी. गळती असल्यास तिचा व्हिडिओ आत्ताच काढा.

आता दुसरी बाजू. तुम्ही लिहिलंय की सध्या ३५ टक्के बोनस आहे आणि ती सूट वजा करण्याआधीचा ओन डॅमेजचा हप्ता साधारण १,००० रुपये. दावा न करता पुढच्या वर्षी ४५ टक्के झाला असता, म्हणजे ४५० रुपयांची सूट. दावा केल्यावर ती शून्यावर येईल. नंतर पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढत जाईल, आणि न केलेल्या दाव्याची शिडी ५० वर थांबलेली असेल. वर्षागणिक फरक ४५०, ३००, २५०, १५०, ५०. बेरीज १,२००. गाडीची किंमत उतरत जाते तसा हप्ताही उतरतो, तेव्हा प्रत्यक्षात याहून कमीच. एजंट ज्या बोनससाठी तुम्हाला थांबवतोय, तो पाच वर्षांत मिळून बाराशे रुपयांचा आहे, आणि समोर आहेत साडेदहा हजारांच्या घरात. दावा करा. नुसतं लॉक किट तुटलं असतं, तर मी उलट सल्ला दिला असता. फक्त एक विचारा: बाबा वर्षभरात ही गाडी विकून दुसरी, महागडी दुचाकी घेणार आहेत का? बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि तो नव्या दुचाकीवर नेता येतो. तिथे हप्ता मोठा, म्हणून तोटाही थोडा मोठा. तरीही तुमच्या आकड्यांत निर्णय बदलत नाही.

पैशापेक्षा मला एका गोष्टीची जास्त काळजी वाटते. हँडल लॉक तोडायला चोर हँडलला जोराचा हिसका देतो किंवा लाथ मारतो. लॉकचा दांडा ज्या भोकात बसतो ते चेसिसच्या पुढच्या नळीपाशी असतं, आणि हिसक्याने तिथली पट्टी, टी किंवा कोनसेट दुखावतात. वरून काही दिसत नाही, पण वेगात हँडल थरथरतं. बाबांचं वय बघता हे टाळून चालणार नाही. दुरुस्तीनंतर गाडी डबल स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून धरायला सांगा आणि हँडल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं, तर गाडी ताब्यात घेऊ नका. चेसिस नंबर त्याच भागात कोरलेला असतो, तो खरवडला गेला नाही ना, तेही बघून घ्या.

लॉक किट बदलल्यावर जुन्या दोन्ही किल्ल्या, नव्या दोन्ही किल्ल्या आणि लॉक किटचं बिल एका पाकिटात घालून कपाटात ठेवा. पुढे कधी दुर्दैवाने गाडी खरोखर गेली, तर कंपनी मूळच्या दोन्ही किल्ल्या मागते आणि किल्ल्या जुळल्या नाहीत की संशय घेते. तेव्हा हे बिलच तुमचं उत्तर असेल.

कंपनीने दावा विनाकारण अडवला, तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही.

आणि बाबा. आयुष्यभर नोकरी करून स्वतःच्या पैशाने घेतलेली गाडी कुणीतरी रात्री येऊन फरपटवली, याचा त्यांना धक्का बसला आहे. “गाडी वाचली ना” म्हणून तो जाणार नाही. म्हणून हे सगळं तुम्ही एकटीने धावपळ करून उरकू नका. फिर्याद त्यांनाच लिहू द्या, सर्व्हेअरशी त्यांनाच बोलू द्या, तुम्ही बाजूला बसा. सोसायटीची परवानगी घेऊन पार्किंगच्या फरशीत लोखंडी कडी पक्की करून घ्या, आणि चेसिसमधून जाईल अशी जाड साखळी त्या कडीला बांधा. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉकही घ्या. गाडी दिव्याखाली, खिडकीतून दिसेल अशी लावा. रात्री साखळी बाबांनाच लावू द्या आणि किल्ली त्यांच्या उशाशी राहू द्या. पंधरा दिवसांनीही ते असेच उठत असतील, तर घरच्या डॉक्टरांशी बोला, लाजू नका.

सर्व्हेचा आकडा आला की मला कळवा. वायरिंगवर ५० टक्के कापलेले असतील, तर कंपनीला काय लिहायचं ते आपण मिळून लिहू.